इंदुरातील घर आवरताना जुने सामान ऑनलाइन जाहिरातीतून कसे विकावे?

प्रश्न: रामबागची लेक

सर्वांना नमस्कार.

रामबागेतील आमचे भाड्याचे घर जूनअखेर रिकामे करून द्यायचे आहे. वडील गेल्यानंतर आई तेथे एकटी राहत होती. आता ती धाकट्या भावाकडे पुण्याला कायमची राहायला जात आहे. भावाच्या सदनिकेत जागा बेताची असल्यामुळे देव, आईचे कपडे, रोजची भांडी आणि वडिलांची निवडक पुस्तके एवढेच सोबत जाईल. बाकीचा संसार येथेच मार्गी लावायचा आहे. मी स्वतः देवासला राहते आणि शनिवार-रविवारीच इंदूरला येऊ शकते, हीही एक अडचण आहे.

सामानात दोन दारांचे स्टीलचे कपाट, सागवानी डबल बेड, दोन लोखंडी कॉट, एका दाराचा फ्रिज, पत्र्याचा मोठा कुलर, सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन, पायाने चालवायची शिलाई मशीन, इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी, पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही, कापसाच्या गाद्या आणि माळ्यावरची तांब्या-पितळेची बरीच भांडी आहेत. टीव्ही सोडला तर सगळे चालू स्थितीत आहे.

दारावर येणाऱ्या अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, सामान दाखवले, तेव्हा त्याने सगळ्याचा मिळून एकच आकडा सांगितला आणि तोही लोखंडाच्या वजनाच्या हिशेबाने. पैसे कमी मिळतील याचे आईला एवढे दुःख नाही. पण चालता फ्रिज आणि वडिलांनी हौसेने घेतलेले कपाट मोडीत निघणार, हे तिला सहन होत नाही. मलाही वाटते, की ज्या वस्तूंचे आयुष्य अजून पुष्कळ उरले आहे त्या कोणाच्या तरी घरात वापरात राहाव्यात. म्हणून ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस अशा ठिकाणी जाहिराती देण्याचा विचार आहे.

किंमत कशी ठरवावी, जाहिरातीत काय लिहावे, पैसे कोणत्या पद्धतीने घ्यावेत आणि आई घरात एकटी असताना अनोळखी माणसांचे येणे-जाणे कसे सांभाळावे, याविषयी ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: सुदामानगरवासी

ताई, नमस्कार. तुमच्या यादीतील सगळ्या वस्तू एकाच दिवशी जाहिरातीत टाकू नका, ही माझी पहिली विनंती. प्रत्येक वस्तूला गिऱ्हाईक मिळण्याचा आपला एक हंगाम असतो, आणि जूनपर्यंतचा वेळ हाताशी असल्यामुळे तुम्ही त्याचा फायदा घेऊ शकता. कुलर आजच काढा. आपल्या माळव्यात कोरड्या उन्हाळ्यात कुलर जेवढे काम देतो तेवढे दमट हवेत देत नाही, त्यामुळे जूनच्या मध्यावर पावसाची चाहूल लागली की त्याला कोणी विचारीत नाही; तोच कुलर एप्रिलमध्ये दाखवला तर जाहिरात टाकल्याच्या संध्याकाळी माणसे येतात. जाहिरात देण्यापूर्वी वाळ्याच्या ताट्या बदलून घ्या, पंपातून तिन्ही बाजूंना पाणी सारखे पडते का ते पाहा, आणि वीजतंत्र्याकडून अर्थिंग तपासून घ्या, कारण पत्र्याच्या कुलरला विजेचा धक्का बसून माणसे दगावतात आणि आपल्या घरातून गेलेल्या वस्तूमुळे कोणाच्या घरी तसे घडू नये.

लोखंडी कॉट आणि छोटा फ्रिज यांचे गिऱ्हाईक मात्र जूनमध्ये येते. भंवरकुआच्या आसपास शिकवणीसाठी आणि महाविद्यालयांसाठी बाहेरगावची मुले त्या सुमारास खोल्या घेतात, आणि त्यांना एकट्याची कॉट, टेबल, खुर्ची, लहान फ्रिज एवढेच लागते. ती नवे घेत नाहीत, कारण दोन-तीन वर्षांनी त्यांनाही ते विकूनच जायचे असते. तुमची मुदत जूनअखेर असल्याने या वस्तूंची जाहिरात मेच्या शेवटच्या आठवड्यात टाकणे योग्य होईल.

किमतीबद्दल. वस्तू घेताना आपण किती पैसे दिले होते, हा आकडा मनातून काढून टाकावा. गिऱ्हाईक तशीच नवी वस्तू आज दुकानात कितीला मिळते हे पाहते, आणि जुनीसाठी त्यातून किती वाचतात याचा हिशेब करते. दुसरे म्हणजे, इतरांच्या जाहिरातींवरून भाव ठरवताना एक काळजी घ्यावी. तेथे दिसणारे आकडे हे मागणीचे आकडे असतात, सौद्याचे नव्हेत. आणि ज्या जाहिराती कित्येक आठवडे तशाच पडून आहेत त्यांचा भाव बाजाराने नाकारलेला आहे, एवढेच त्यांवरून कळते. सारख्या वस्तूंच्या चार-पाच जाहिराती जपून ठेवाव्यात आणि त्यांतील कोणत्या लवकर निघून जातात ते पाहावे. खरा भाव त्यांच्या आसपास असतो. त्यावर घासाघिशीला थोडी जागा ठेवून आकडा लिहावा, पण फार फुगवून लिहू नये, कारण पुष्कळ लोक किमतीची मर्यादा घालूनच शोध घेतात आणि तुमची जाहिरात त्यांच्या नजरेस पडतच नाही.

फ्रिजबाबत त्यावरील बीईईच्या, म्हणजे वीजबचतीचे तारे दाखवणाऱ्या सरकारी लेबलाचे स्पष्ट छायाचित्र द्या. तारे किती आहेत यापेक्षा त्या लेबलावरील वर्ष महत्त्वाचे आहे, कारण मानके वेळोवेळी कडक होत गेली आहेत आणि जुन्या वर्षाचे पाच तारे म्हणजे आजचे पाच तारे नव्हेत. जाणते गिऱ्हाईक हे विचारतेच. फ्रिज किती लिटरचा आहे, दाराचे रबर घट्ट बसते का, कॉम्प्रेसर कधी बदलला आहे का, हेही लिहावे. कोणी पाहायला येणार असेल त्या दिवशी सकाळपासून तो चालू ठेवा आणि बर्फाच्या साच्यात पाणी घालून ठेवा. जमलेला बर्फ पाहिला की कॉम्प्रेसरबद्दल वेगळे काही पटवून द्यावे लागत नाही.

छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, वस्तू पुसून, तिच्यावरचे डबे-कपडे काढून घ्यावीत. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, उघडून आतून एक, आणि जेथे काही दोष आहे तेथील जवळून एक. मागे देवघर, कुटुंबाची छायाचित्रे, दाराची कडी किंवा घराचा क्रमांक येणार नाही हे पाहावे.

उत्तर: पागनीसपागेकर

वरील उत्तर उपयुक्त आहे, तरी सर्वच वस्तू सुट्या विकण्याच्या सल्ल्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. ताई देवासहून फक्त शनिवार-रविवारी येणार, आणि एकेका वस्तूसाठी पाच-सहा माणसे पाहून जातात, शिवाय वेळ ठरवून न येणारेही असतात. बारा-तेरा वस्तू अशा रीतीने जूनपर्यंत निघणार नाहीत. ज्या वस्तूंना सुटा चांगला भाव येतो त्याच जाहिरातीत टाकाव्यात: कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, कुलर आणि शिलाई मशीन. शिलाई मशीनला तर अजून दोन प्रकारचे गिऱ्हाईक आहे. घरी शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना ती कामासाठी हवी असते, आणि काही जण केवळ बिडाच्या नक्षीदार पायांसाठी घेतात. माझ्या मते ती पहिल्यांना द्यावी, मग चार पैसे कमी मिळाले तरी चालतील.

सागवानी बेड मात्र जुन्या फर्निचरच्या व्यापाऱ्यालाच दाखवा. खरे सागवान आणि सागवानी पट्टी लावलेले प्लायवूड यांतील फरक छायाचित्रात कळत नाही, म्हणून ऑनलाइन गिऱ्हाईक दोन्हींना एकच भाव सांगते. व्यापारी मात्र लाकूड उचलून, तासलेली कड पाहून पारखतो. एकाच व्यापाऱ्यावर न थांबता तिघांना बोलवा आणि तिघांचे आकडे वेगवेगळ्या वेळी घ्या. बेड सुटा होतो, त्यामुळे नेण्याची अडचण नाही. स्टीलचे कपाट सुटे होत नाही. म्हणून जिन्याची वळणे आणि दाराची रुंदी आधी मोजून ठेवा, नाहीतर सौदा ठरल्यावर हम्माल आणि लोडिंग रिक्षा दारात उभी असताना कपाट चौकटीत अडकते आणि गिऱ्हाईक तेथेच भाव पाडते.

कापसाच्या गाद्या विकायला काढू नका. जुनी गादी अनोळखी माणूस घेत नाही, आणि घेतलीच तर फुकटाच्या भावाने. ओळखीत कोणाला हवी असल्यास कापूस पिंजून घेण्यासाठी द्यावी.

उत्तर: निवृत्त बँक अधिकारी

रामबागच्या ताईंनी पैसे घेण्याविषयी विचारले आहे, आणि मला वाटते, सर्वांत सविस्तर उत्तर याच प्रश्नाला हवे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत शाखेत जी वयस्कर मंडळी डोळ्यांत पाणी आणून येत, त्यांतील अनेकांनी काही विकत घेतले नव्हते. ती काहीतरी विकायला निघाली होती. आपण पैसे घेणार आहोत, देणार नाही, तेव्हा आपल्याला कोण फसवणार, अशी त्यांची समजूत असे, आणि नेमका याच समजुतीचा फायदा घेतला जातो.

हा प्रकार साधारणपणे असा घडतो. जाहिरात टाकल्यावर थोड्याच वेळात एक गिऱ्हाईक फोन करते. ते वस्तू पाहायला येत नाही, घासाघीस करीत नाही, सांगितलेली किंमत लगेच मान्य करते आणि आगाऊ पैसे पाठवतो म्हणते. पुष्कळदा ते स्वतःला लष्करातील जवान म्हणवते, बदली झाल्याचे सांगते, गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्रही पाठवते. इंदूरजवळ महूची छावणी असल्याने आपल्या लोकांना ही बतावणी सहज खरी वाटते आणि जवानावर संशय घेणे मनाला पटत नाही. त्यानंतर तो एक क्यूआर कोड पाठवतो आणि सांगतो, की हा स्कॅन करून पिन टाका, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील. पैसे येत नाहीत, जातात. आणि गेल्यावर तो म्हणतो, की काहीतरी तांत्रिक चूक झाली, पुन्हा एकदा करा म्हणजे दोन्ही रकमा परत येतील. पहिल्या खेपेला गेलेल्या रकमेपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जाणारी रक्कम मोठी असते, कारण माणूस आता आपले गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी धडपडत असतो.

यूपीआयची रचना समजून घेतली तर यातील फसवणूक उघड होते. पिन हा आपल्या खात्यातून पैसे काढण्याचा आदेश आहे. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि कोणत्याही दुव्यावर जावे लागत नाही. देणाऱ्याला आपला मोबाइल क्रमांक किंवा आपला क्यूआर कोड पुरतो. पूर्वी दुसऱ्याच्या खात्यातून पैसे मागण्याची 'कलेक्ट' विनंती पाठवूनही असेच फसवले जाई. व्यक्तीकडून व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली आहे. एक वाट बंद झाली, परंतु क्यूआर कोडची वाट उघडीच आहे, हे आईंना नीट समजावून सांगा.

आणखी दोन प्रकार लक्षात ठेवावेत. वस्तू नेताना गिऱ्हाईक पैसे पाठवल्याचे चित्र मोबाइलवर दाखवते. असे चित्र कोणालाही तयार करता येते. तसेच बँकेच्या संदेशासारखा दिसणारा एसएमएस येतो, त्यात ठरल्यापेक्षा जास्त रक्कम जमा झाल्याचे लिहिलेले असते, आणि पाठोपाठ 'चुकून जास्त गेले, तेवढे परत करा' असा फोन येतो. दोन्ही वेळी एकच करावे. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये जाऊन खात्यातील शिल्लक वाढली आहे का ते पाहावे, आणि ती वाढलेली दिसेपर्यंत वस्तू उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नये. मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दिसेल असे कोणतेही ॲप कोणी घ्यायला सांगितले, तर तेथेच बोलणे थांबवावे. माझे वैयक्तिक मत विचाराल, तर आईंच्या हातून होणारे व्यवहार रोखीनेच व्हावेत.

दुर्दैवाने असे काही घडलेच, तर संकोच न करता त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करावा. ही राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनी आहे. पैसे पुढच्या खात्यांत वळवले जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली तर ते तेथे अडवून ठेवता येतात; उशीर झाला, की ते अनेक खात्यांतून फिरून काढून घेतले जातात. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर नोंदवता येते, आणि आपल्या बँकेलाही लगेच कळवावे.

जाता जाता आयकराविषयी, कारण हा प्रश्न पुढे कोणीतरी विचारीलच. घरात वापरलेल्या फर्निचर, उपकरणे, कपडे अशा जंगम वस्तू कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता धरल्या जात नाहीत, म्हणून त्यांच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने, चित्रे, शिल्पे आणि कलावस्तू मात्र या सवलतीत येत नाहीत.

रामबागची लेक

सर्वांचे मनापासून आभार. बँकेचे काका, तुमचे उत्तर मी आईला फोनवर वाचून दाखवले आणि महत्त्वाचा भाग मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवून ठेवायला सांगितला आहे. शिलाई मशीनबद्दल पागनीसपागेकरांनी जे लिहिले ते आईला फार आवडले. आमच्याच गल्लीतील एक ताई ब्लाउज शिवतात, त्यांना आधी विचारणार आहोत.

माळा उतरवताना आणखी काही वस्तू निघाल्या आहेत आणि त्यांचे काय करावे हे कळत नाही. आजोबांच्या काळचे लाकडी ढालीवर बसवलेले सांबराचे शिंग आहे. एका ट्रंकेत मोडी लिपीतील कागद आणि दोन हस्तलिखित पोथ्या आहेत. गॅसचे दोन सिलिंडर, रेग्युलेटर आणि शेगडी हेही विकता येईल का? आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीचे काय करावे?

कपाटाच्या जाहिरातीचा मसुदा खाली देते. टाकताना हिंदीत टाकेन.

"स्टीलचे कपाट विकणे आहे. उत्तम स्थितीत. फार कमी वापरलेले. किंमत प्रत्यक्ष भेटीत ठरेल. फक्त गरजूंनी संपर्क साधावा."

कपाटाच्या उजव्या दाराला खालच्या बाजूला हाताच्या पंजाएवढा गंज आहे आणि आतल्या लॉकरची दुसरी किल्ली सापडत नाही. हे जाहिरातीत लिहिले तर गिऱ्हाईक येणारच नाही, असे भावाचे म्हणणे आहे. आम्हाला ६,५०० रुपयांच्या आसपास अपेक्षा आहे.

उत्तर: राजेंद्रनगरची वाचक

ताई, सांबराचे शिंग कृपा करून कोणत्याही जाहिरातीत टाकू नका आणि त्याचे छायाचित्रही कोणाला पाठवू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अशा वस्तूंचा व्यापार गुन्हा आहे, आणि ती वस्तू आजोबांच्या काळची आहे म्हणून विक्रीची मोकळीक मिळत नाही. ती ठेवायची नसेल तर वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारावे आणि ते सांगतील त्याप्रमाणे लेखी नोंद करून सोपवावी. हस्तिदंताची डबी, कातडे, शिंगाच्या मुठीची सुरी असे काही निघाले तर त्यालाही हेच लागू आहे.

मोडी कागद आणि पोथ्या यांच्याविषयी मला जरा कळकळीने लिहायचे आहे. होळकरांच्या राज्यात कारकुनी, वकिली, भिक्षुकी केलेल्या मराठी घरांतून असे कागद अजून निघतात, आणि घर आवरण्याच्या घाईत ते रद्दीत जातात. एखाद्या कागदात जमिनीचा व्यवहार असेल, एखाद्यात घरखर्चाचा साधा हिशेब असेल. वाचल्याशिवाय कळणार नाही. शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा साहित्यिक महत्त्वाचे आणि किमान ७५ वर्षे जुने हस्तलिखित, तसेच १०० वर्षे जुनी मूर्ती, नाणे, चित्र किंवा कारागिरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते, आणि अशा वस्तूंचा विक्रीव्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. तेव्हा 'अँटिक आहे का' असे विचारत येणाऱ्या फिरत्या माणसांना ट्रंक उघडून दाखवू नका. कागद कोरड्या जागी, सुती कापडात बांधून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. मोडी वाचणाऱ्या जाणकाराला दाखवा आणि मग कोणत्या संस्थेला द्यायचे ते ठरवा. सध्या ते भावाबरोबर पुण्याला गेले तरी उत्तम. एका ट्रंकेला जागा निघेल.

गॅसचे सिलिंडर आणि रेग्युलेटर हे आपले नसतातच. ते तेल कंपनीचे असतात आणि आपण केवळ अनामत भरून ते वापरतो. गॅसच्या एजन्सीत जोडणीचे मूळ कागद घेऊन जा. जोडणी पुण्याला नेता येते, किंवा परत केल्यास कागदावर लिहिलेली अनामत परत मिळते. जोडणी वडिलांच्या नावावर असेल तर आधी आईच्या नावावर करून घ्यावी लागेल, आणि त्यासाठी लागणारे कागद आत्ताच विचारून ठेवा. शेगडी मात्र तुमची आहे, ती खुशाल विका.

बॅटरीत शिसे आणि आम्ल असते. अटालेवाला ती फोडतो आणि आम्ल नाल्यात ओततो, म्हणून त्याला देऊ नये. बॅटरी विकणारे दुकानदार जुनी बॅटरी परत घेतात आणि तिचे पैसेही देतात. इन्व्हर्टर वेगळा विकता येईल. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला आता गिऱ्हाईक नाही आणि त्याच्या काचेतही शिसे असते; आपल्याकडे महापालिकेच्या गाडीत कचरा सहा प्रकारांत वेगळा घेतला जातो आणि ई-कचरा हा त्यांतील एक आहे, तेव्हा गाडीवरील कर्मचाऱ्यांशी आधी बोलून तो तसा द्यावा.

पितळेच्या भांड्यांबाबत एकच सांगते. बर्तन बाजारात त्यांना मोडीचा भाव, म्हणजे त्या दिवशीच्या दराने केवळ वजनाचा पैसा मिळतो. घंगाळ, बंब, मोठी परात, पाण्याचा हंडा अशी ओळखू येणारी भांडी सुटी जाहिरातीत टाकल्यास त्याहून बरी किंमत येते, कारण लोक ती घरात मांडण्यासाठी घेतात. ती चिंचेने घासून झगझगीत करण्याची गरज नाही. खालचे नाव आणि साल कोरलेले दिसेल असे एक छायाचित्र मात्र द्यावे. आमच्याकडच्या बंबाचा सौदा त्या कोरलेल्या अक्षरांवरच झाला. आईंना ज्या भांड्यावर नाव पाहून थांबावेसे वाटेल, ते विकू नका.

उत्तर: सुदामानगरवासी

ताई, गंजाबद्दल तुमच्या भावाचे म्हणणे मला मान्य नाही. गंज न लिहिल्याने जास्त माणसे येतील हे खरे, परंतु ती आल्यावर गंज दिसणारच आहे. मग जो घेणारच होता तो तोच गंज दाखवून हजार-दीड हजार कमी करायला सांगतो, आणि जो गंज असलेले घेणारच नव्हता तो तुमच्या आईचा अर्धा तास घेऊन निघून जातो. जाहिरातीत गंज पाहून जो येतो त्याने तो हिशेबात धरलेला असतो, त्यामुळे घासाघिशीत त्याच्या हाती ते कारण उरत नाही. तुम्हाला थोडी माणसे हवी आहेत आणि तीही नक्की घेणारी, कारण तुमच्याकडे आठवड्याचे दोनच दिवस आहेत.

तुमच्या मसुद्यात 'उत्तम स्थितीत', 'फार कमी वापरलेले', 'फक्त गरजूंनी' हे जे लिहिले आहे ते प्रत्येक जाहिरातीत असते, म्हणून वाचणारा त्यावरून पुढे जातो. मापे नाहीत, किंमत नाही, कधी यावे ते नाही. मग तेच प्रश्न पन्नास जण संदेश पाठवून विचारतील. मी असे लिहीन. मापे तुम्ही भरा.

"स्टीलचे कपाट, दोन दारांचे, आत लॉकर. उंची, रुंदी, खोली इंचांत पुढीलप्रमाणे. फळ्या सरळ आहेत, वाकलेल्या नाहीत. मुख्य कुलूप चालू. लॉकरची एकच किल्ली आहे. उजव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात पंजाएवढा गंज आहे, पत्र्याला भोक नाही, छायाचित्र पाहावे. घर बदलत असल्याने विकत आहोत. कपाट सुटे होत नाही. नेण्याची व्यवस्था घेणाऱ्याने करावी. किंमत ७,२०० रुपये, थोडा विचार होईल. पाहणी रामबाग येथे, शनिवार-रविवार सकाळी ११ ते ४, आधी वेळ ठरवून."

विकण्याचे कारण लिहिणे आवश्यक आहे. चांगली वस्तू माणूस का काढतो, ही शंका प्रत्येकाच्या मनात असते आणि घर बदलणे हे तिचे सर्वांना पटणारे उत्तर आहे. मात्र 'आई एकटी असते', 'घर रिकामे होत आहे', 'जूनअखेरपर्यंत द्यायचेच आहे' यांपैकी काहीही लिहू किंवा बोलू नका. पहिली दोन सुरक्षेसाठी आणि तिसरे किमतीसाठी. पूर्ण पत्ता येण्याच्या दिवशीच, फोनवर नीट बोलणे झाल्यावर द्यावा. आईंच्या ऐवजी तुमचा क्रमांक द्या, आणि मधल्या वारी कोणी 'आत्ताच येतो' म्हणाले तरी शनिवारचीच वेळ द्या. खरोखर घेणारा थांबतो. शक्य असल्यास विकायच्या वस्तू पुढच्या खोलीत आणून ठेवा, म्हणजे कोणाला आतपर्यंत नेण्याची वेळ येणार नाही, आणि तेवढ्या वेळासाठी शेजारच्या कोणाला तरी येऊन बसायला सांगा.

कपाट देण्यापूर्वी प्रत्येक खण पूर्ण बाहेर काढून त्याच्या मागे हात घालून पाहा, आणि फळ्यांवर अंथरलेला जुना कागद उचलून पाहा. आपल्या आधीच्या पिढीने विम्याचे कागद, पावत्या, एखादी नथ अशाच जागी ठेवलेली असते.

'शेवटचे किती घ्याल' असा संदेश येईल, कित्येकदा वस्तू न पाहताच. त्याला 'पाहून घ्या, मग बोलू' एवढेच उत्तर द्यावे; फोनवर आकडा उतरवला, की दारात आल्यावर तो पुन्हा उतरवावा लागतो. कोणी 'माझ्यासाठी राखून ठेवा' म्हणाले तर काही रक्कम हातात दिल्याशिवाय राखू नका, आणि ती घेतल्यावर मात्र दुसऱ्याने जास्त देऊ केले तरी शब्द मोडू नका. सौदा पूर्ण झाला की साध्या कागदावर तारीख, वस्तू, रक्कम आणि 'पाहून, चालवून घेतली' असे लिहून दोघांच्या सह्या घ्या व एक प्रत ठेवा. फ्रिज नेणाऱ्याला तो उभाच न्यायला सांगा, आणि आडवा न्यावा लागलाच तर घरी पोहोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करायला सांगा. अन्यथा दुसऱ्या दिवशी तक्रारीचा फोन तुम्हाला येईल.

वस्तू दारातून गेल्यावर जाहिरात त्याच दिवशी काढून टाका. तशीच राहिली तर पुढचे कित्येक आठवडे फोन येत राहतील, आणि तोपर्यंत तुम्ही पुण्याच्या सामानाच्या बांधाबांधीत असाल.